रेकॉर्ड कुणाची? मुंबईच्या स्टुडिओतला जाझ, त्याचे संयोजक आणि वादक

१९६८ साली एचएमव्हीनं ‘राग-जाझ स्टाइल’ नावाची एलपी बाजारात आणली. शंकर-जयकिशन यांच्या नावावरची ही रेकॉर्ड कुठल्याही सिनेमाची नव्हती आणि तिच्यात एकही ओळ गायलेली नव्हती. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी, भैरवी असे अकरा राग, प्रत्येक काही मिनिटांत आटोपता घेतलेला. सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर ल्युसिला, बासरीवर सुमन, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कास्ट्रो, बासवर एडी त्राव्हास, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो, तबल्यावर रमाकांत. संयोजन सेबास्टियन डिसूझांचं.

जुन्या गाण्यांच्या शौकिनाला या नावांपैकी शंकर-जयकिशन माहीत असतात, रईस खान माहीत असतात, फार तर मनोहारी सिंग. बाकीच्यांनी वाजवलेलं त्यानं आयुष्यभर ऐकलेलं असतं, नावं मात्र नाही. या रेकॉर्डच्या निमित्तानं, आणि तिच्या आगेमागे झालेल्या अशाच वाद्यसंगीताच्या निमित्तानं, दोन वाद गेली काही दशकं चालू आहेत. पहिला: याला जाझ म्हणायचं का? दुसरा: याचा कर्ता कोण? हे दोन्ही वाद सहसा वेगवेगळ्या माणसांत होतात. पहिला संगीताच्या जाणकारांत, दुसरा इतिहासकारांत आणि वकिलांत. मला ते एकाच प्रश्नाचे दोन चेहरे वाटतात. कोणता स्वर कुणी, कधी ठरवला, हे कळल्याशिवाय दोन्हींपैकी एकाचंही उत्तर देता येत नाही. तिथवर पोचायचं तर आधी ही माणसं स्टुडिओत आली कुठून, ते पाहावं लागेल.

हॉटेलातून स्टुडिओत

जाझ मुंबईत शिरला तो हॉटेलांच्या नाचघरांतून. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आले. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. त्यांना ऐकत, त्यांच्या शेजारी बसून वाजवत गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना लोक हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून दोन दशकं ताजमध्ये वाजत होता. सेबास्टियन डिसूझा यांचा बँड लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात होता. फाळणीनंतर ते मुंबईत आले. नाचाचं संगीत मोठ्या शहरांपुरतंही नव्हतं. आमच्या खान्देशात भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी अँग्लो-इंडियन वस्ती होती आणि रेल्वे इन्स्टिट्यूट म्हटलं की बॉलडान्स आलाच.

गोवेकरच का, याचं उत्तर साधं आहे. त्यांना लिहिलेलं संगीत वाचता येत होतं. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जाई, शिकवणारा तो मेस्त. त्याच गोव्याच्या मातीतून केरीच्या केसरबाई आणि मंगेशीचे दीनानाथही आले, पण ते घराणं वेगळं, देऊळ वेगळं, शिकण्याची रीत वेगळी. कागद वाचणारा गोवा आणि कानानं शिकणारा गोवा एकाच बोटीनं मुंबईला आले. बऱ्याच वर्षांनी स्टुडिओत त्यांची गाठ पडली.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं रात्रीच्या क्लबांचा धंदा बसला. त्याच काळात हिंदी सिनेमाचं संगीत पसरत होतं आणि त्याला वाचू शकणारे वादक हवे होते. मूळचे पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले अण्णा चितळकर, यांनी चिक चॉकलेटना हाताशी धरलं. १९५१ च्या ‘अलबेला’त तर चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. सेबास्टियन ओ. पी. नय्यर यांच्याकडे आणि शंकर-जयकिशन यांच्याकडे संयोजन करू लागले. माजोर्ड्याचे संयोजक अँथनी गोन्साल्विस यांना एवढ्यावर समाधान नव्हतं. १९५८ मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर बेतलेल्या आपल्या वाद्यवृंद-रचना सादर केल्या, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्यासह. १९६५ मध्ये ते अमेरिकेला गेले. पुढे त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी संगीत दिलेल्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचं नाव घरोघर पोचलं. ते खऱ्या माणसाचं आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं.

जगातही हवा तीच होती. डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आणि ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात वाजवून गेले होते. रविशंकरांनी १९६२ मध्ये बड शँक यांच्याबरोबर रेकॉर्ड केली होती. लंडनमध्ये कोलकात्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची ‘इंडो-जाझ स्वीट’ १९६६ मध्ये आली. तेव्हा ‘राग-जाझ स्टाइल’ ही एकाएकी सुचलेली गंमत नव्हती. बाजाराला काय हवं आहे, ते एचएमव्हीला ठाऊक होतं.

काम चालायचं कसं

वादाचा सगळा भार कामाच्या वाटणीवर आहे, म्हणून इथं थोडं थांबायला हवं.

संगीतकार सिटिंगमध्ये चाल बांधायचा. ती बहुतेकदा हार्मोनियमवर आणि तोंडी असायची. ठेक्याची बाजू तालाच्या सहायकाकडे. शंकर-जयकिशन यांच्याकडे ती दत्ताराम वाडकर सांभाळत, आणि त्यांच्या ढोलकीचा ‘दत्ताराम ठेका’ आजही नावानं ओळखला जातो. मग चाल अ‍ॅरेंजरकडे जायची. मराठीत त्याला आपण संगीत संयोजक म्हणतो. सुरुवातीचा म्युझिक पीस, दोन कडव्यांमधला तुकडा, गायकाच्या मागून सरकणारी व्हायोलिनची प्रतिधून, कोणत्या जागी कोणता कॉर्ड, कुठं ब्रास उठायचा आणि कुठं फक्त मेंडोलिन ठेवायचं, हे सगळं तो ऐकायचा, सुचवायचा, ठरवायचा आणि स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचा. प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद निघायचा, तो म्हणजे पार्ट. वादक येऊन तो वाचायचा, एकदोन रिहर्सल झाल्या की टेक. पैसे शिफ्टवर. रेकॉर्ड चालली काय किंवा पडली काय, वादकाला मिळायचं तेवढंच.

आता यातल्या सांध्यांकडे पाहा. तुकडा कुणाचा? कधी संगीतकार तो गुणगुणून दाखवायचा आणि संयोजक उतरवून घ्यायचा. कधी संगीतकार नुसतं म्हणायचा, इथं काहीतरी भरा. कधी वादक रिहर्सलमध्ये सहज एक हरकत वाजवायचा आणि ती ठेवली जायची. तिन्ही प्रकार घडत होते, आणि कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दत्ताराम आणि सेबास्टियन ही नावं ‘असिस्टंट’ म्हणून येतात. कारखान्यातल्या मदतनिसालाही तोच शब्द आणि वाद्यवृंदाचं प्रत्येक पान लिहिणाऱ्यालाही तोच.

सिनेमाच्या गाण्यात निदान गायकाची चाल हा एक पक्का धागा असतो. वाद्यसंगीताच्या रेकॉर्डमध्ये तोही नाही. ‘राग-जाझ स्टाइल’मध्ये मालकंस कुणाचा? राग परंपरेचा, त्याची मुख्य धून संगीतकाराची, कॉर्डची मांडणी संयोजकाची, मधली सतार रईस खानांची. चौघांत वाटणी करायची तर पट्टी कुठून आणायची?

हा जाझ आहे का?

पहिलं मत साफ नकाराचं, आणि गमतीची गोष्ट अशी की ते दोन विरुद्ध टोकांकडून येतं.

रागसंगीताच्या बाजूचा आक्षेप असा की राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे. त्याला बढत लागते, मींड लागते, स्वरांच्या सूक्ष्म जागा लागतात. तोडीतला अतिकोमल गंधार पियानोच्या पट्टीवर मिळतच नाही. शिवाय कॉर्ड हा रागाचा पायाच हलवतो. तंबोऱ्यावर षड्ज अचल असतो. कॉर्ड बदलला की कानाला क्षणभर दुसराच स्वर घर वाटू लागतो. जाझच्या बाजूचा आक्षेप वेगळा आहे. जाझचा प्राण तत्काळ रचनेत, म्हणजे वादकानं त्या क्षणी स्वतःची वाट काढण्यात असतो. अकरा राग एका एलपीत कोंबले, प्रत्येकाला मोजकी मिनिटं दिली, पार्ट आधीच लिहून ठेवले, तर वाट काढायला जागा कुठं उरते?

दुसरं मत म्हणतं की हा निकष जाझच्याच इतिहासाला लागू पडत नाही. एलिंग्टनचा वाद्यवृंद लिहिलेल्या पार्टवरच वाजायचा, आणि त्यांच्या संगीतातला बिली स्ट्रेहॉर्नचा वाटा किती, यावर अजून पुस्तकं लिहिली जातात. माइल्स डेव्हिस यांची १९६० ची ‘स्केचेस ऑफ स्पेन’ गिल एव्हान्स यांच्या संयोजनाशिवाय कल्पनेतही येत नाही. मेयर-हॅरियट जोडीतही बहुतेक रचना मेयर यांची लिहिलेली, आणि जाझवाल्यांना ठरावीक जागी मोकळीक. मग मुंबईच्याच रेकॉर्डला वेगळा नियम का?

तिसरं मत जास्त रोखठोक आहे. त्याचं म्हणणं, राग आणि जाझ ही दोन्ही नावं वेष्टनावरची. आत आहे ते मुंबईच्या स्टुडिओचं संगीत, आणि ते स्वतःच एक शैली आहे. तिचे कायदे सिनेमाच्या गाण्यातून आले: पटकन पकडणारा मुखडा, दर काही सेकंदांनी बदलणारा वाद्याचा रंग, कुठंही रेंगाळायचं नाही. ही माणसं सकाळी सिनेमाचं गाणं वाजवत आणि दुसऱ्या दिवशी असली एलपी. त्यांचे हात तेच होते.

मला तिसरं मत सत्याच्या सर्वांत जवळचं वाटतं, पण त्यानं पहिल्या दोघांचे प्रश्न मिटत नाहीत. उदाहरणादाखल संयोजकापुढची एक खरी अडचण घ्या. मालकंसात स्वर पाच: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. पंचम नाही, म्हणजे षड्जावर उभा राहणारा नेहमीचा कॉर्ड बांधताच येत नाही. रागाबाहेर पाऊल न टाकता तीन स्वरांचे साधे कॉर्ड फक्त दोन निघतात: मध्यमावरचा मायनर (म, ध, सा) आणि कोमल धैवतावरचा मेजर (ध, सा, ग). पियानोवादकानं सगळा वेळ या दोघांत काढायचा, किंवा राग मोडायचा, किंवा कॉर्ड सोडून नुसता बास आणि ठेका ठेवायचा. उलट शिवरंजनी पाहा. सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध हे चार स्वर एकत्र दाबले की जाझवाल्यांचा लाडका मायनर सिक्स्थ कॉर्ड तयार होतो. शिल्लक उरलेला रिषभही त्यावर शोभतो. म्हणजे काही राग जाझच्या घरात चप्पल काढून सरळ आत जातात, काही उंबऱ्यावर अडतात. शंकर-जयकिशन यांच्या सिनेसंगीतात शिवरंजनी आणि भैरवी वारंवार येतात, तो नुसता आवडीचा भाग नसावा. सेबास्टियनसारखा हार्मनी जाणणारा माणूस रोज शेजारी असताना कोणते राग हाताशी पटकन बसतात, याचाही त्यात वाटा असणार. हा माझा तर्क आहे. पण मला त्यातूनच हे दिसतं की संयोजन ही रचनेवर मागाहून चढवलेली रंगरंगोटी नसते. कोणती चाल सुचावी, इथपर्यंत तिचा हात पोचतो.

कर्ता कोण?

या प्रश्नाला एकविसाव्या शतकात खरी धार आली ती लेखनानं. पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी आधी अँथनी गोन्साल्विस यांच्यावर लिहिलं, मग २०१२ मध्ये मुंबईच्या जाझचा इतिहास सांगणारं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’. ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतल्या वादकांच्या दीर्घ मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ लिहिलं. अशोक दा. रानडे यांनी हिंदी चित्रगीतावरच्या २००६ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात संगीतकार मध्यभागी ठेवून शैलींचा विचार केला. रुद्रदीप भट्टाचारजी यांचा ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट कावस, केरसी आणि बुर्जोर या लॉर्ड कुटुंबातल्या वादकांवर आहे.

या सगळ्यांतून साधारण तीन भूमिका दिसतात.

संगीतकाराला कर्ता मानणारे म्हणतात, निवड त्याची असते. दहा तुकडे सुचवले गेले तरी कोणता ठेवायचा, हे तो ठरवतो. त्याच सेबास्टियननी नय्यरकडेही काम केलं आणि शंकर-जयकिशनकडेही, तरी दोघांचं संगीत पहिल्या चार मात्रांत वेगळं ओळखू येतं. संयोजक हाच कर्ता असता तर ते एकसारखं वाटलं असतं. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही.

संयोजकाच्या बाजूचे म्हणतात, संगीतकाराची ‘ओळख’ म्हणून आपण ज्या गोष्टी सांगतो, त्यांत कित्येकदा वाद्यवृंदच असतो. शंकर-जयकिशन म्हटलं की आठवतात त्या व्हायोलिनच्या लाटा. त्या कुणाच्या हातानं कागदावर उतरल्या, याला काही किंमत नाही का? या बाजूला एक सामाजिक धागाही आहे. गोव्याच्या ख्रिस्ती वादकांना ना हिंदी सिनेमाच्या बोलबाल्यात जागा मिळाली, ना शास्त्रीय संगीताच्या इतिहासात.

बूथ यांची भूमिका या दोघांपेक्षा वेगळी, सामूहिक कामाची. एका माणसाचं कर्तृत्व शोधत बसण्यापेक्षा तो एक धंदा होता, त्याची यंत्रणा होती, ओळखीपाळखी होत्या, असं ते दाखवतात. त्यांच्याशी बोलताना कित्येक वादक आपल्या कामाकडे चोख नोकरी म्हणून पाहतात. पैसे रोख मिळत, काम भरपूर होतं, नावाची अपेक्षा नव्हती. हे ऐकून आजच्या वाचकाला चुटपुट लागते, पण त्यांच्या वतीनं आपण रुसणं, हेही जरा जास्तच होतं.

एक उपवादही आहे. सगळं गोवेकरांनी केलं, ही कथा अलीकडे इतकी रूढ झाली आहे की तिनं दुसऱ्यांना झाकायला सुरुवात केली. लॉर्ड कुटुंब पारशी. मनोहारी सिंग मूळचे नेपाळी, कोलकात्याहून आलेले. हझारा सिंग आणि चरणजित सिंग शीख. दत्ताराम, अनिल मोहिले, अरुण पौडवाल, प्रभाकर जोग मराठी. स्टाफ नोटेशन हा प्रवेशाचा मोठा दरवाजा होता, एकुलता एक नव्हे.

मराठी कान आणि बँडची गाडी

मराठीत मात्र हा वाद कधी पेटलाच नाही. त्याचं कारण मला आपल्या ऐकण्याच्या सवयीत दिसतं.

आपल्याकडे वाद्यसंगीताची सर्वांत लाडकी रेकॉर्ड म्हणजे प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’. जोग (१९३२–२०२१) हे स्वतः पक्के स्टुडिओतले वादक आणि संयोजक. ‘गीतरामायणा’पासून सुधीर फडके यांचे साथीदार. पण त्यांच्या नावावरच्या रेकॉर्डची थोरवी आपण कशात मानली? व्हायोलिनमधून शब्द ऐकू येतात, यात. ती गायकी अंगाची कमाल आहेच. त्यात ऐकणारा मनातल्या मनात गाणं म्हणत असतो, म्हणून चालीच्या भोवतीचं बांधकाम त्याच्या कानावर पडूनही नोंदलं जात नाही. पुण्याचे अकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स, इलेक्ट्रिक गिटारवाले व्हॅन शिप्ली आणि हझारा सिंग यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्डही याच वाटेनं घरोघर गेल्या. बिनशब्दांचं गाणं आपल्याला चालतं. गाणंच नसलेलं संगीत अवघड जातं. ‘राग-जाझ स्टाइल’ यातल्या दुसऱ्या प्रकारची.

पण याच लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात संयोजकाचं काम सर्वांत दूरवर पोचलेलं आहे, आणि ते पाचोऱ्यासारख्या गावात बसून जास्त नीट दिसतं. लग्नसराईत इथं रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या गल्लीतून बँड निघतो. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, कुठं सॅक्सोफोन, साइड ड्रम, आणि गाडीवर भोंग्यांसह कीबोर्ड. बँडमास्तर सुपारी घेताना गाण्यांची यादी घेतो, पण गाणं वाजवायला घेतो ते मुखड्यापासून नाही. आधी मूळ रेकॉर्डवरचा म्युझिक पीस वाजतो. वरात गाणं ओळखते ती त्या चार मात्रांवर, आणि पहिली शिट्टी तिथंच पडते. मधले तुकडेही गाळून चालत नाहीत, कारण नाचणाऱ्याला कडवं संपल्याचं तिथं कळतं. जो तुकडा कधीकाळी एखाद्या संयोजकानं मुंबईत पेन्सिलीनं लिहिला, तो इथला क्लॅरिनेटवाला मोबाईलवर ऐकून कानानं उचलतो, आपल्या वाद्याच्या पट्टीत बसवतो, व्हायोलिनच्या ताफ्याचं काम दोन ट्रम्पेटवर भागवतो. म्हणजे तोही संयोजनच करतो. बूथ यांनी स्टुडिओवर लिहिण्याआधी, २००५ मध्ये, लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं, ते उगाच नव्हे. हॉटेलातला बँड, स्टुडिओतला ताफा आणि वरातीतला बँड या एकाच कामाच्या तीन जागा आहेत. तिन्हींत मालाला नाव मालकाचं.

एकटा संयोजक

१९८२ ची एक रेकॉर्ड हा सगळा मांडलेला पट उलटवते. चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईचे स्टुडिओवादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ बास आणि टीआर-८०८ ड्रम, आणि एचएमव्हीसाठी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ केली. ना पार्ट, ना ताफा, ना दुसरा संगीतकार. रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. २०१० मध्ये परदेशात ती पुन्हा निघाली आणि एकदम वाद उठला, कारण शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून गाजलेल्या नृत्यसंगीताशी तिचा आवाज विलक्षण जुळतो, आणि त्या प्रकाराचा पहिला मोठा नमुना १९८७ चा. शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती, असा पुरावा नाही. तीच यंत्रं, दोन शहरं, दोन स्वतंत्र वाटा, इतकंच म्हणता येतं.

आपल्या प्रश्नापुरती गोष्ट अशी की इथं कर्त्याचा वादच उरला नाही. पण त्याची किंमतही लगेच दिसली. यंत्रानं एकट्याला ताफा दिला, तेच पुढं ताफ्याच्या मुळावर आलं. बूथ यांच्या मांडणीनुसार मोठ्या जिवंत वाद्यवृंदाचं युग १९९० च्या दशकाअखेर संपलं. आज खान्देशातलं एखादं अहिराणी गाणं घरच्या खोलीत कीबोर्डवर प्रोग्रॅम होतं, आणि प्रोग्रॅमर हाच संयोजक, वादक आणि कधी ध्वनिमुद्रकही असतो.

कायदा काय म्हणतो

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संयोजनाचा उल्लेख आहे, पण तो रूपांतराच्या व्याख्येत. सांगीतिक कृतीचं संयोजन म्हणजे तिचं रूपांतर, आणि ते करू देण्याचा हक्क मूळ कृतीच्या मालकाचा. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता, असा निर्णय दिला. वादकाला ‘परफॉर्मर’ म्हणून हक्क मिळाले ते १९९४ च्या दुरुस्तीनं. जावेद अख्तर यांच्या पुढाकारामुळे गाजलेल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा हिरावून घेता येणार नाही, अशी तरतूद केली आणि कलावंतांनाही व्यापारी वापराच्या रॉयल्टीवर हक्क दिला. त्याच दुरुस्तीत एक अपवाद घातला आहे: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो बहुतेक बाबतींत परफॉर्मर धरला जाणार नाही. नाव दिलं नाही म्हणून हक्क नाही, असा हा फिरता दरवाजा. २०१३ मध्ये गायकांची हक्क-संस्था स्थापन झाली, पुढे तिच्या नावात आणि कक्षेत वादकही आले. संयोजकाला स्वतःचं असं घर अजून कुठल्याच संस्थेत नाही.

कर्ता कोण, हा प्रश्न नुसता मानाचा नाही, तो तारखांचाही आहे. सांगीतिक कृतीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि कृती संयुक्त असेल तर शेवटच्या कर्त्याच्या मृत्यूपासून मोजतात. जयकिशन १९७१ मध्ये गेले, शंकर १९८७ मध्ये. दोघंच कर्ते मानले तर ‘राग-जाझ स्टाइल’च्या रचनांचा हक्क २०४७ अखेर संपतो. सेबास्टियन १९९८ मध्ये गेले. त्यांना संयुक्त कर्ता मानलं, तर २०५८.

उरलेलं काम

तीन गाठी अजून सुटायच्या आहेत. पहिली, लिहिलेलं किती आणि त्या क्षणी सुचलेलं किती. ती फक्त पार्टचे कागद आणि ध्वनिमुद्रण शेजारी ठेवूनच सुटेल. त्या कागदांना टेक झाल्यावर कुणी दस्तऐवज मानलं नाही. जे काही वादकांच्या कुटुंबांकडे ट्रंकांत पडलं असेल, ते गोळा करणं हे विद्यापीठांच्या संगीत विभागांचं काम आहे. दुसरी, संयोजन ही कायद्यानं स्वतंत्र मूळ कृती मानायची की रूपांतराच्या आतच ठेवायची. इथं दोन्हीकडून भीती आहे: मान्य केलं तर एकेका गाण्याचे दावेदार वाढतील आणि परवानग्या अडकतील, नाकारलं तर आजच्या प्रोग्रॅमरचीही गत सेबास्टियनसारखीच होईल. तिसरी गाठ सर्वांत साधी. मोबाईलवर गाणं उघडलं की संगीतकार, गायक, कंपनी दिसते. जुन्या वेष्टनाच्या पाठीवर जी काही माहिती असायची, तीही त्या पडद्यावर येताना गळते.

यातल्या तिसऱ्या गाठीला तारीख ठरलेली आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, म्हणजे १९६८ च्या या मुद्रणावरचा हक्क २०२८ अखेर संपेल. रचनेच्या मालकांची परवानगी घेऊन २०२९ पासून कुणालाही हे ध्वनिमुद्रण पुन्हा काढता येईल, आणि मग वेष्टन नव्यानं छापलं जाईल. त्यावर रईस खानांच्या खाली ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम्स आणि तबला येणार की नाही, आणि संयोजकाचं नाव कुठल्या टायपात येणार, हे तेव्हा ते छापणाऱ्यालाच ठरवावं लागेल.